चोवीस घरांची तहान

गचका तसा अगदी लहान होता. मागच्या सीटवर पद्माच्या मांडीवर डबा होता, त्याचं झाकण एकदा वाजलं, एवढंच. मग चाकांखालची खडी ऐकू येईनाशी झाली आणि तिच्या जागी रस्त्याचे बाकीचे आवाज आले : वखारीतल्या करवतीचा, कुणाच्या तरी सायकलच्या घंटीचा. आमच्या गाडीला एरवीही आवाज नसतो, त्यामुळं ती बंद पडल्याचं कानांना उशिरा कळतं. पोटाला आधी कळतं. "थांबली व्हय?" पद्मानं विचारलं. "थांबली नाही, थांबवली," मी म्हणालो. "खोटं बोलू नगा. माज्या उपासाला डाग लागतो," ती म्हणाली आणि पदर सारखा करून स्वस्थ बसली. पद्मा म्हणजे माझी बायको, पद्मावती. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन देवाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा लग्नाच्याही आधीपासूनचा नियम. आणि सूर्य बुडाल्यावर काहीच घ्यायचं नाही, हा तर आमच्या सगळ्या जैनांचाच. या दोन नियमांच्या मध्ये रोज जेवढा दिवस उरतो, तेवढ्यात तिचं खाणंपिणं. एरवी आम्ही सकाळी आठाच्या सुमाराला जाऊन येतो, पण काल रात्रभर विश्रामबागेत वीज नव्हती. सकाळी आली, तेव्हापासून गाडी चार्जिंगला लावून ठेवली, आणि निघेनिघेपर्यंत चार वाजले. पौषातला सूर्य. मार्केट यार्ड मागं पडलं होतं, बस्ती अजून पाऊण मैल होती, आणि माझ्या बायकोनं कालच्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. गेल्या महिन्यात असंच झालं तेव्हा तिला देवळाच्या पायरीवर भोवळ आली होती. ती नंतर म्हणाली, "भोवळ न्हवं ती, जरा डोळं मिटलं."

मी पेडलवरचा पाय काढला. थोडा विसावा दिला की गाडी पुन्हा पावलं टाकते, हे आता पाठ झालं होतं. बॅटरीचा हा स्वभाव मी वर्षानुवर्षं पोरांना फळ्यावर शिकवला. सांगलीच्या कॉलेजात मी फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, निवृत्त होईपर्यंत. पण फळ्यावरच्या बॅटरीत उपाशी बायको बसलेली नसते. पाच मिनिटांनी पेडल दाबलं तर गाडी दोन घरं पुढं गेली आणि पिंपळाच्या पारापाशी पुन्हा थांबली. या वेळी डब्याचं झाकणही वाजलं नाही.  सबंध आयुष्यात मी या बाईला काय दिलं याचा हिशेब मी कधी केला नाही, पण केलाच असता तर त्यात ही गाडी सगळ्यात वर आली असती. आणि तीच आता रोज तिला उपाशी ठेवत होती.

खरं तर गाडी हा शब्द लोक आमची मर्जी राखायला वापरतात. पाठीमागं ते तिला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे. पद्माच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा चालत बस्तीला जाणं संपलं. टांगा होता, पण एकदा मिरजेच्या रस्त्यावर तिच्या डोळ्यांदेखत टांग्याचा घोडा कोसळला आणि तोंडाला फेस आलेला असताना मालक त्याला चाबकानं उठवत राहिला. तेव्हापासून जनावर जुंपलेलं वाहन तिनं सोडलं. नियम म्हणूनच सोडलं, चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर हात जोडून. पुढं एकदा रिक्षात बसली तर चाकाखाली कुत्र्याचं पिल्लू आलं. मग तेल जाळणारं वाहनही सोडलं. मी म्हटलं, "आता विमान राहिलं." ती म्हणाली, "त्येच्यात बी पाखरं सापडत्यात." सहा महिने ती घरात बसून होती. वाहन मिळेपर्यंत महाराजांनी घरच्या देवघरातल्या दर्शनाची सूट दिली होती, तेवढ्यावर ती कसेबसे दोन घास खायची. मी चेष्टेनं म्हणायचो, लोकांच्यात आधी पोटोबा आणि मग विठोबा असतो, आपल्याकडं देव आधी आणि पोट बस्तीच्या वाटेवर अडकलेलं. दोन दिवसांतून एकदा माझा पुतण्या कुणाकुणाला गोळा करून तिला खुर्चीत बसवून न्यायचा, तर ती पुढच्या वेळी खुर्चीतच बसेना. माणसांच्या खांद्यावरनं देवाला जायचं म्हणजे तिला पटेना. "तसं एकदाच जायचं आसतंय," ती म्हणाली, आणि मी त्या दिवशी जेवलो नाही.

साताऱ्याला मुलीकडं, चंदनबालाकडं, गेलो असताना मला ही गाडी दिसली. पोवई नाक्याच्या चढावर एक मिशाळ माणूस लोखंडी चौकटीवर छत घातलेलं काहीतरी चालवत होता, आणि त्याला ना धूर होता ना आवाज. मी त्याच्यामागं धावत गेलो, तसं फार धावावं लागलं नाही. लालासाहेब त्याचं नाव. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झालेली. कारखान्यात सामान इकडून तिकडं नेणारा बॅटरीचा ट्रक त्यानं पुण्याला लिलावात घेतला होता आणि त्याला सीटं, छत, हॉर्न लावून त्याची मोटार केली होती. पेट्रोल महागलं त्या वर्षी सगळा सातारा आधी त्याला हसला आणि मग एकेकजण येऊन गाडी बघून गेला. "पन मास्तर, साताऱ्याचा चढ हिला सोसंना," तो मला म्हणाला, "तुमची सांगली कशी तळहातासारखी. हितं माझ्याजवळ कुढून मरंल, तितं चालंल तरी. राग येत न्हाई हिला, पन रुसती लय." ट्रकवर चढवून उंब्रजवरून ती सांगलीला आली. निघायच्या वेळी त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, गाडीला हळदकुंकू लावलं, सीटवर खण-नारळ ठेवला, आणि माझ्या बायकोला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. पोर सासरी पाठवताना आई विहिणीला सांगते तसं. मला वाटलं बायकांचं काहीतरी. मी बॅटरीची जोडणी समजून घेत होतो. चोवीस सेल, दोन-दोन व्होल्टचे, प्रत्येकाला वर पाणी घालायला एक बूच. बारा मागच्या सीटखाली, बारा पुढच्या. पद्मानं ते सीट उघडून बघितले, बोटांनी मोजले आणि हात जोडले. "चोवीस घरं हायत," ती म्हणाली. आमचे तीर्थंकरही चोवीसच. मी कपाळावर हात मारून घेतला, पण बरं वाटलं. तिनं एकदा मान्य केलं की पुढं काम सोपं असतं.

वर्षभर छान चालली. सकाळची थंड हवा, मागं पद्मा पुटपुटत णमोकार म्हणत असलेली, आणि आमच्यापेक्षा सायकली पुढं निघून जाताहेत. मी म्हटलं, "अगं, हिच्याखालीही पिल्लू येऊ शकतं." ती म्हणाली, "पिल्लू मोठं हुईल तवर." मग जुन्या प्लेटा संपल्या, ते होणारच होतं. मिरजेच्या बिराप्पाला बोलावलं. सतारीची दुकानं जिथं संपतात तिथं त्याचं बॅटरीचं वर्कशॉप आहे, धनगराचा उंच माणूस, ॲसिडनं बोटं पिवळी झालेली. त्यानं चोवीसही घरांत नव्या प्लेटा घातल्या, नवं ॲसिड भरलं, आणि गाडी पुन्हा पोरीसारखी पळायला लागली. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी बस्तीच्या वळणावर ती दमली. मग रोज थोडी थोडी. मी काय नाही बघितलं? मोटरचे ब्रश बघितले, ब्रेक चाकाला घासतो का बघितलं, तारांच्या जोडांवरची बुरशी खरवडून ग्रीस लावलं, चार्जरचा करंट मोजला. बॅटरीच्या धंद्यात एक रीत आहे : सगळे सेल रोज तपासायला कुणाला वेळ असतो, म्हणून एक सेल निवडून ठेवायचा आणि तोच बघायचा. त्याला पायलट सेल म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा. माझा पायलट सेल होता चोविसावा, माझ्या सीटखालचा, वाकलं की हाताला लागणारा. रबराचा फुगा दाबून काचेच्या नळीत ॲसिड ओढायचं, आत तरंगणारी कांडी किती वर राहते ते बघायचं. ॲसिड दाट असलं की कांडी वर, पाणचट असलं की खाली; पूर्ण चार्ज असला की बाराशे साठ. माझा चोविसावा रोज जवळजवळ तेवढंच दाखवायचा. म्हणजे ॲसिड बरोबर, चार्जिंग बरोबर. मग दोष उरला तो प्लेटांचा. आणि प्लेटा कुणी घातल्या? मागच्या आठवड्यात मी मिरजेला जाऊन बिराप्पाला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "जुन्या प्लेटा धुऊन घातल्यास की काय?" त्यानं हातातली कानस खाली ठेवली फक्त. "बुधवारी येतो, सर," म्हणाला. आज बुधवार होता.

पद्मा खाली उतरून पारावर बसली. मी तिच्या गुडघ्यांना हात लावून उतरवली. ते आता सवयीचं आहे. तिनं उन्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं नाही. तिचं हे न बघणं मला कळतं. तिनं बघितलं असतं तर ते विचारल्यासारखं झालं असतं. पारावर तिनं पदर मांडीवर पसरला आणि त्यावरची भोकं बोटानं चाचपायला लागली. बारीक बारीक भोकं होती, मोहरी चिकटावी तशी. महिनाभर ती कसरीला शिव्या देत होती. पेटीत कडुनिंबाचा पाला घालून झाला, डांबरगोळ्या तिला चालत नाहीत, जीव मरतात म्हणून. मी म्हटलं होतं, तुझ्या पेटीतली कसरही जैन आहे, रोज थोडंच खाते. ती हसली होती. चांगली सुती लुगडी, धुऊन वाळत घातली की चाळणीसारखी दिसायची, तरी ती तीच नेसायची, कारण बस्तीला जायची लुगडी वेगळी ठेवलेली असतात.

मी माझ्या सीटखालचं चोविसावं बूच काढलं. बाराशे पन्नास. जुना मित्र, भरवशाचा. आणि तरीही गाडी रस्त्यात मेल्यासारखी उभी. सकाळपासून चार्जिंगला होती, बुडबुडे येईपर्यंत. मला तेव्हा काय वाटलं कोण जाणे. करायला दुसरं काही नव्हतं आणि काहीतरी करताना दिसायचं होतं, म्हणून मी मागची सीट उचलली. इतके दिवस तिथं मी फक्त रविवारी वरवर बघायचो, मिरजेहून आणलेलं डिस्टिल्ड पाणी कमी पडलंय का ते. आणि कमी पडायचंच नाही. नवीन प्लेटा पाणी पीत नाहीत, असं म्हणून मी खूष व्हायचो. पहिलं बूच काढलं. आत ॲसिड काठोकाठ होतं, बुचालाच लागलेलं. कांडी नळीत खाली बसली. अकराशे साठ. मी नळी धुऊन पुन्हा घेतलं. तेवढंच. दुसरं, किंचित बरं. तिसरं, त्याहून किंचित. मी एकेक बूच काढत, एकेक लावत पुढं सरकत गेलो. बाराव्यापर्यंत कांडी थोडी थोडी वर येत गेली, आणि पुढच्या सीटखाली तर वर चढतच गेली, चोविसाव्यापर्यंत. एकही घर मध्येच बिघडलेलं नव्हतं. बिराप्पानं जुन्या प्लेटा घातल्या असत्या तर कुठं तरी घातल्या असत्या. असा एकसारखा उतार घालायला त्याला देवच व्हावं लागलं असतं. प्लेटा जात नाहीत अशा ओळीनं. उतार माणसाच्या हाताला असतो. कुणी तरी पहिल्यापासून सुरुवात करून ओळीनं काहीतरी वाढत गेलं होतं, आधी सढळ हातानं आणि मग भांड्यात किती उरलंय ते बघत.

आणि मला तो हात दिसला. आमच्या घरची पंगत. पद्मा तुपाचं भांडं घेऊन पहिल्या पानापाशी येते आणि पहिल्या माणसाला असं वाढते की तो दोन्ही हात आडवे धरतो. दुसऱ्याला तसंच, तिसऱ्याला जरा कमी. पंगत निम्मी होईपर्यंत तिच्या लक्षात येतं की भांडं खाली चाललंय, मग थेंब मोजत ती शेवटपर्यंत पोचते आणि शेवटच्या माणसाच्या पानावर तुपाचा फक्त वास पोचतो. घरात हा शेवटचा माणूस मी असायचो. चाळीस वर्षं मी या उताराच्या तळाशी बसून जेवलो आहे. माझी आई म्हणायची, हिला अंदाज न्हाई. मला कधीच तसं वाटलं नाही. समोरच्याला देताना मागचं आठवत नाही, एवढंच ते होतं. तो उतार आता माझ्या काचेच्या नळीत होता, चोवीस आकड्यांचा, आणि त्याच्या तळाशी पुन्हा मीच, चोविसावा, जवळजवळ कोरडा आणि म्हणून जवळजवळ बरोबर.

मग एकेक ऐकू यायला लागलं. सकाळी मी आंघोळीला बसलो की बाहेर एक कर्र आवाज व्हायचा. मी त्याला शेजारच्या बनाबाईचं फाटक समजायचो. तो मागच्या सीटच्या बिजागरीचा होता. तिची ती चोचीची तांब्याची झारी, जी देवघरात असायची आणि हल्ली पडवीत दिसायची. चुलीवर रोज सकाळी उकळून ठेवलेलं एक वेगळं पातेलं, त्यावर गाळणीचं फडकं दुहेरी बांधलेलं, जे तिच्यासाठी नव्हतं, कारण ती पीतच नव्हती, आणि माझ्यासाठीही नव्हतं, कारण माझं मडकं वेगळं. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड की तपेल्याला बोटभर पांढरा थर बसतो. आंघोळीला चालतं, बॅटरीला विष. आणि भोकं. घर काठोकाठ भरून ॲसिड वर यायचं, ती पदरानं पुसून घ्यायची, आणि कसरीला शिव्या द्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी महिनाभर घातला होता, मिरजेपर्यंत, आणि चोर सोडून बिराप्पाला फाशी दिली होती. चोर म्हणायला मात्र माझी जीभ वळेना. मी बुचावर हात ठेवून तसाच वाकून उभा राहिलो.

"घावलं काय?" पारावरून पद्मा म्हणाली. मी म्हटलं, "अजून नाही." मग म्हटलं, "पद्मा, साळूबाईनं तुला निघताना काय सांगितलं होतं गं? साताऱ्याला?" ती जरा विचारात पडली. "काय न्हाई. हिला तहान लय लागती, म्हनली. पाण्याला इसरू नगा." एवढं सांगून ती पुन्हा पदराकडं वळली. वर्षभर ती ते विसरली असणार, जुन्या प्लेटा संपल्या तेव्हा आठवलं असणार. तिला माहीत नव्हतं. तिला खरंच काही माहीत नव्हतं. ती जे करत होती ते तिच्या लेखी सांगण्यासारखं काही नव्हतंच. मला तिच्या माहेरची, समडोळीची, पहिली दिवाळी आठवली. मी नवा जावई, गाडीत चढून बसलो होतो आणि गाडी हलेना. सासरे बैलांपुढं बादली धरून उभे. मी उतावळेपणानं काहीतरी बोललो असेन. ते म्हणाले, "आवं जावईबापू, जो वढतो त्यानं आदी प्यावं, बसनाऱ्यानं मागनं. आमच्या घरात ह्येच हाय." त्या वेळी पद्मा माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती आणि तिच्या मानेवर लाजेचा लाल पट्टा आला होता, माझ्या बोलण्याची लाज. तिच्या बापानं दिलेली गोष्ट ती सांगलीला घेऊन आली होती, आणि तिला इथं बैल मिळाला नव्हता. म्हणून रोज सकाळी, आपल्या घशाला कोरड असताना, जी आपल्याला ओढून नेणार तिला ती आधी पाजत होती. बाटलीतलं न गाळलेलं पाणी कुठलं, कुणाच्या हातचं, म्हणून स्वतः गाळून, उकळून, निववून. तिची ही सेवाच तिची गाडी मारत होती. मला हसू आलं. मी डोकं सीटखाली घातलं, बूच शोधत असल्यासारखं.

"सर."

बिराप्पा सायकल धरून उभा होता. हँडलला हत्यारांची पिशवी. "घरी गेलतो. बनाबाई म्हनल्या, आत्ताच गेल्यात." त्याचा आवाज कोरडा होता. मी गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, तेवढं त्याला आठवत होतं. पद्माला बघून मात्र तो वाकला. "अक्का, उपाशी न्हवं?" पद्मा म्हणाली, "व्हय, पन आता हुतंय की." तो सीटपाशी आला, माझ्या हातातून नळी घेतली, पहिल्याच घरात घातली. कांडी खाली बसली. त्यानं नळी उन्हाकडं धरली. आतलं ॲसिड गढूळ दिसत होतं. मग बोटानं बुचाभोवतीचा पांढरा चुरा उचलला. मला माहीत होतं तो आता काय म्हणणार. मी उन्हाकडं बघितलं, ते पिंपळाच्या फांद्यांतून आडवं आलं होतं.

"ह्येच्यात इहिरीचं पानी पडलंय, सर," तो म्हणाला. सावकाश म्हणाला, कारण आता बोलायची पाळी त्याची होती. "रोज पडलंय. प्लेटा माज्या न्हाई गेल्या. कुनी घातलं?"

"मी," मी म्हणालो. "डिस्टिल्ड संपलं होतं. म्हटलं, काय फरक पडतोय."

मी पद्माकडं बघितलं नाही. बिराप्पा माझ्याकडं बघत राहिला. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसानं विहिरीचं पाणी घातलं हे त्याला पटलं की नाही कुणास ठाऊक. "आन मला म्हनलासा," तो म्हणाला, "गिऱ्हाइकांम्होरं." मी म्हटलं, "उद्या त्याच गिऱ्हाइकांसमोर येऊन सांगतो. माझं चुकलं, बिराप्पा." त्यानं नळी पिशवीत टाकली. "सगळी घरं रिकामी करून, धुऊन, नवं ॲसिड घालाय लागंल. दोन रोज." मग सूर्याकडं बघितलं. "ते मागनं. अक्कांचं काय करायचं?"

गाडी ढकलायची, एवढंच करण्यासारखं होतं. पद्मा बसायला तयार होईना. "जीव जुंपलेली गाडी न्हाई चालत मला," ती म्हणाली. तिला चालवत नेलं असतं तर बस्ती दिसेपर्यंत अंधार झाला असता. मी म्हटलं, "पद्मा, घोड्याला कुणी विचारतं का, येतोस का म्हणून? मला विचार." ती डबा या हातातून त्या हातात घेत राहिली. "विचार तरी." तिनं मान वर केली. "येता व्हय?" "येतो," मी म्हणालो. "मी बी येतो," बिराप्पा म्हणाला. नियमाशी तिनं काहीतरी बोलून घेतलं असावं, आणि ती चढली. सायकल आम्ही मागं दोरीनं बांधली, बिराप्पानं बाजूनं स्टिअरिंग धरलं, मी मागून खांदा लावला. बॅटरीचं वजन काय असतं हे मला पहिल्यांदा खांद्याला कळलं. पेठेतली ओळखीची माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती, दोन-चार जण पुढं आले तर पद्मानं हातानंच नको म्हटलं. त्यांना विचारलेलं नव्हतं. मी तिची पाठ बघत ढकलत होतो. तिच्या पदराच्या भोकांतून ऊन येत होतं. मला दम लागला होता आणि मी इतका सुखी होतो की ते सांगता येणार नाही. तिला कळणार नव्हतं, कधीच. उद्यापासून मी डिस्टिल्ड पाणी तिच्या पातेल्यात ओतून ठेवीन, झारीही काचेची आणीन, काहीतरी कारण सांगून. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं.

बस्तीच्या दारात ती उतरली, पायरीपाशी थांबली आणि आत जाईना. ऊन शिखराच्या कळसावर होतं, तेवढंच. मी म्हटलं, "चल ना, वेळ नाही." ती बिराप्पाकडं वळली. "भाऊ," ती म्हणाली, "पानी मी घालत हुते. रोज. ह्येंनी माज्यापायी खोटं सांगितलं. खोटं बाहेर ठेवून मला आत जाता येत न्हाई."  बिराप्पानं डोक्याचं मुंडासं उगाच सोडून पुन्हा बांधलं. "आसू दे, अक्का. गाडीच हाय. धुतली की हुईल." मग ती माझ्याकडं वळली, आणि मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. ती म्हणाली, "मगाशी तुमी साळूबाईचं इचारलं, तवाच मला कळाय लागलं. तुमाला खोटं बोलताच येत न्हाई, मान खाली जाती तुमची." आणि आत गेली.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. बिराप्पा बोटं मोडत होता.  कळसावरचं ऊन आता फक्त टोकावर होतं. तिनं लवकर बाहेर यावं, आत पुजाऱ्याकडचं गाळलेलं पाणी घ्यावं, डब्यातले दोन घास खावेत, एवढंच माझ्या मनात होतं. ती आली ती हातात तांब्या घेऊन. "आत कशाला नाही प्यालीस?" मी म्हणालो. "पी आधी, सूर्य चालला." ती माझ्याकडं न बघता बिराप्पासमोर वाकली. "हात करा, भाऊ." तो मागं सरला. "अक्का, तुमी कालपास्नं..." "जो वढतो त्यानं आदी प्यावं," ती म्हणाली, आणि त्याच्या ओंजळीत ओतायला लागली. ओंजळ भरली, बोटांमधून सांडली, तरी ती ओतत राहिली, पंगतीत पहिल्या पानावर वाढतात तशी. त्याचं पिऊन झाल्यावर माझ्याकडं आली. मी हात पुढं केले. माझ्या ओंजळीत पाणी बेताचं पडलं, थंड, तिच्या हातचं. मी प्यालो, कारण न पिऊन तिला आणखी थांबवलं असतं. मग तिनं तांब्या कलवून आत बघितलं आणि वर तोंड करून उरलेलं प्यायली. दोन घोट होते. कळसावर आता काही नव्हतं.

"बास झालं," ती म्हणाली, आणि डबा उघडून बिराप्पापुढं ठेवला. मग माझ्या शेजारी पायरीवर बसली, गुडघे धरून. तशीच म्हणाली, "उद्याच्याला तिला कुठलं पानी घालायचं, ते तेवढं मला दावा."